बर्फाचा ट्रे

ये गं कमळे, अशी जवळ ये. दाराशी पाहुणीसारखी काय उभी राहतेस? झोपाळ्यावर तुझी बाजू रिकामीच आहे, तिथं बस. आणि आधी चार बोलणी खा. ओरत्तनाडच्या शाळेत हेडमिस्ट्रेस म्हणून जन्मभर पोरींना दटावलंस, विचारल्याशिवाय वर्गाबाहेर पाऊल टाकायचं नाही म्हणून. आणि तू स्वतः काय केलंस? मंगळवारी सकाळी कॉफीचा टंबलर अर्धा टाकून, कुणाला न विचारता, न सांगता निघून गेलीस. ही काय रीत झाली? मी तुझी वैनी, तुझ्याहून चार वर्षांनी मोठी. रांगेत मी पुढं होते.

शिवाय आपलं भांडण अर्धं राहिलंय. आठ वर्षं झाली त्याला. तू गेलीस म्हणून ते मिटलं असं समजू नकोस.

तेराव्याला घर भरलं होतं. सगळे म्हणत होते, कमळाबाई फार कडक, फार शिस्तीच्या. मी मान डोलवत होते. लोणच्याच्या बरणीत बोट घालून तेल चाटणारी कमळा त्यांना कुठं ठाऊक? मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू पावडै, म्हणजे आपला घोळदार परकर, नेसून शाळेत जायचीस, दोन वेण्या, तेल चपचपीत. पहिल्याच दिवशी मला विचारलंस, वैनी, तुला सायकल येते का? मला कुठली सायकल. मग आठ दिवसांत मागच्या गल्लीत तू मला पाडून पाडून शिकवलीस. माझ्या गुडघ्यावर अजून खूण आहे. नणंदेनं दिलेलं पहिलं लेणं, असं मी सगळ्यांना सांगत असे.

हे मी देवनागरीत लिहितेय बरं का. तुला वाचता येणार नाही, माहीत आहे मला. तंजावरात मराठी बोलणारी घरं आहेत अजून, पण वाचणारी माणसं किती? तुझं सगळं तमिळ आणि इंग्रजी. मला शाळा पाचवीपर्यंत, तीही तमिळच. मामंजींची अभंगांची छापील वही समोर ठेवायची, अभंग तोंडपाठ होतेच, मग या ओळीत हे म्हटलंय म्हणजे हे अक्षर ते, असं जुळवत जुळवत मी चाळिशीत वाचायला शिकले. हेडमिस्ट्रेसला येत नाही ते मला येतं! केवढा माज होता मला त्याचा. तू हसायचीस आणि मला हवं तेवढं मिरवू द्यायचीस.

त्या माजातूनच पुढचं सगळं झालं, हे आज मी कबूल करते.

मीनू सात वर्षांची होती. मी स्वैंपाकघरात नारळ खवताना गुणगुणत होते आणि माझ्या रघूची ती एवढीशी पोर उंबऱ्यावर बसून मागनं तोच अभंग म्हणायला लागली. जशीच्या तशी चाल. गळा असा की विळीवर माझा हात थांबला. रघू वीज मंडळात, सूनबाई विजया शाळेत शिकवायला, दोघं सकाळी गेले की दिवेलागणीला परत. पोर माझ्याच हातात. मी शिकवायला लागले. ती तमिळ अक्षरांत वहीत लिहून घ्यायची. कधी विचारायची, आजी, या शब्दाचा अर्थ काय? मी म्हणायचे, आधी म्हण, अर्थ मागनं येतो.

नऊ वर्षांची असताना मठात उत्सवाला उभी राहिली. तिच्यासाठी लहानसं नऊवारी मुद्दाम शिवून घेतलं होतं मी. केसांत अबोली, हातात चिपळ्या. आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. कीर्तनाला उभं राहणाऱ्याच्या गळ्यात हार पडला की तो नारद. त्याचं वय कुणी बघत नाही. कीर्तन संपलं तशी सत्तर-सत्तर वर्षांची माणसं रांगेनं येऊन त्या पोरीच्या पाया पडली. मीही पडले. डोळे भरून आले होते माझे. तू मात्र खांबाला टेकून उभी होतीस आणि घरी आल्यावर एवढंच म्हणालीस, की जिच्या पाया पडायचं तिला दमलीस का म्हणून कोण विचारणार?

मला राग आला. सगळ्यात खोट काढायची तुझी सवय, असं म्हणून मी तो विषय बंद केला.

मग तिरुवैयारूचा सीनू आला. पूर्वी मृदंग वाजवायचा, आता कार्यक्रम जमवायचा. माणूस वाईट नव्हता, ते मी आजही म्हणेन. गोड बोलायचा, मला अम्मा म्हणायचा, मीनूसाठी दर वेळी कमरकट मिठाई आणायचा. महिन्याला एक कार्यक्रम होता तो आठवड्याला एक झाला, मग शनिवार-रविवार दोन्ही दिवस, मग शुक्रवारी शाळा अर्धी टाकून बसनं पुढच्या गावी. कुठं मुंज, कुठं कुणाच्या साठीची षष्ट्यब्दी, कुठं देवळाचा उत्सव. बॅनरवर तिचा हात जोडलेला फोटो, वर 'बालसरस्वती'. रघू एकदा चाचरत म्हणाला, अम्मा, तिची परीक्षा आहे. मी त्याला गप्प केलं. देवाच्या सेवेत मोडता घालू नये म्हटलं. सेवा! एकदा सेवा म्हटलं की आपल्या घरात कुणाचं तोंड उघडतं?

पोरीचा गळा बसायला लागला. मी मिरी घातलेलं दूध, ताडाची खडीसाखर, सितरत्तैची मुळी उगाळून मधातनं, सगळं केलं. तिला बरं वाटावं म्हणून केलं का रविवारी उभी राहावी म्हणून, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. मग एका दुपारी मला कळलं की फ्रिजमधला बर्फ संपतोय. शाळेतनं आली की, मी पडलेली असताना, ही ट्रेमधला बर्फ काढून कडाकडा खायची. मी तिला रागावले. गळ्याचं सोनं मातीत घालतेस म्हणाले. ती माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मी ट्रे उचलला आणि तांदळाच्या डब्यात खोल पुरून ठेवला.

तुला सांगायला आले, मोठ्या तोऱ्यात. आजकालची पोरं बघ, म्हटलं. तू पेपर वाचत होतीस. तो खाली ठेवलास, चष्मा काढलास. ते वाक्य तू कसं म्हणालीस ते मला अजून ऐकू येतं.

"वैनी, ते पोर बर्फ खात नाही. ते नाही म्हणतंय."

मी म्हटलं, नाही म्हणायचं तर तोंडानं म्हणेल की. तिला तोंड नाही का? ती स्वतः हो म्हणते, दर वेळी विचारते मी, सीनू विचारतो, ती मान हलवते. तू म्हणालीस, अकरा वर्षांची पोर आजीच्या तोंडाकडे बघून मान हलवणार नाही तर काय करील? तिला नाही म्हणायला घरात एक जागा तरी ठेवलीय का आपण? गळा तेवढा तिचा स्वतःचा होता, तोच तिनं मोडायला घेतला.

मी उठून आत गेले. पण सांगू का, तांदूळ काढायला डबा उघडला की तो ट्रे हाताला लागायचा आणि माझा हात मागं यायचा.

तरीही मी थांबले नाही बघ. उन्हाळ्याची सुट्टी आली आणि सीनू मोठा बेत घेऊन आला. चाळीस कार्यक्रम. कुंभकोणम, त्रिची, मदुरै, चेन्नै, बंगळूर. सुट्टीत पुरे झाले नाहीत तर जूनमध्येही चालू. वेताच्या तबकात विडा, सुपारी, नारळ, फुलं घेऊन आला होता. मी पदर सावरून ते तबक घेतलं. झालं. विडा घेतला म्हणजे शब्द दिला. रघू आणि विजया नुसते बघत राहिले.

संध्याकाळी तू माझ्यापुढं बसलीस. अशी शांत, की मला भीतीच वाटली. म्हणालीस, तबक परत दे. मी म्हटलं, घेतलेला विडा कधी परत दिलाय का कुणी या घरात? मग तू कायदा काढलास. पोरांना कार्यक्रमाला उभं करायचं तर आधी परवानगी लागते, दिवसाचे तास ठरलेले असतात, मध्ये विश्रांती, शाळा बुडवायची नाही, आणि पोराच्या मनाविरुद्ध तर मुळीच नाही. मला हसू आलं. खरंच हसले मी. कायदा चोरांना, दारुड्या बापांना, पोरं विकणाऱ्यांना. आम्ही काय तिला विकतोय? तिच्यावर माझ्याइतकी माया कुणाची आहे?

"मायाच आहे म्हणून कायदा हवा, वैनी. वाईट माणसाला सगळे अडवतात. तुला कोण अडवणार?"

मग तू मला ती गोष्ट सांगितलीस, इतक्या वर्षांत कधी न सांगितलेली. ओरत्तनाडजवळच्या खेड्यातली, तुझ्या नववीच्या वर्गातली एक मुलगी. हुशार, अक्षर मोत्यासारखं. शाळेत यायची थांबली. तू उन्हात सायकल मारत तिच्या घरी गेलीस. आईबाप इतके भले, खाटेवर धुतलेली चादर अंथरली, ताक दिलं, टीचरम्मा म्हणून हात जोडले. सूतगिरणीत पाठवतोय, ती स्वतः जायचं म्हणते, म्हणाले. मुलगी दाराआड उभी होती, तिनंही मान हलवली. इतक्या गोड माणसांना वाकडं कसं बोलायचं, म्हणून तू ताक पिऊन परत आलीस. दोन वर्षांनी ती बसस्टँडवर दिसली तेव्हा तिला तुझं नाव आठवत होतं, पण सहीपुरतं अक्षर उरलं होतं आणि श्वास घेताना छाती वाजत होती. "ताक पिऊन परत आले, वैनी," एवढंच तू दोनदा म्हणालीस. मग म्हणालीस, मी पुन्हा ताक पिणार नाही. तीन दिवस देते तुला.

कलेक्टरच्या नावानं अर्ज लिहिलास आणि कॉफीच्या फिल्टरखाली ठेवलास, माझा हात रोज सकाळी जिथं जातो तिथं. पहिल्या दिवशी मी तो उचलून बाजूला ठेवला, कॉफी गाळली, परत होता तसा ठेवला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी वाटलं फाडावा, पण तुझं अक्षर बघून फाडवेना. चौथ्या दिवशी तू इस्त्रीची साडी नेसलीस, छत्री घेतलीस आणि कलेक्टर ऑफिसला गेलीस. जाताना सांगून गेलीस. हे मात्र मी कबूल करते, सांगून गेलीस.

दोन दिवसांनी त्या ऑफिसातली बाई आली. मला वाटलं होतं पोलीस येतील, जीप येईल, गल्ली गोळा होईल. आली एक मोपेडवरून, तीस-बत्तीसची, खांद्याला कापडी पिशवी. मी मुद्दाम नऊवारी नेसून बसले होते, घराणं दिसावं म्हणून. पहिल्या डिकॉक्शनची, दाट अर्काची कॉफी केली, वर चकलीसारखे मुरुक्कु. ती बसली, हसली, कॉफीला हात लावणार एवढ्यात तू म्हणालीस, अम्मा, कॉफी घ्या, पण विचारायचं ते विचारल्याशिवाय उठू नका. ती तुझ्याकडे बघतच राहिली. तुझं ताक तिला काय ठाऊक?

तिनं मला गुन्हेगार म्हटलं नाही गं. मी तयारी केली होती, सगळी उत्तरं पाठ होती. तिनं साधंच विचारलं. ही किती वाजता उठते, किती वाजता झोपते, शेवटची कधी खेळली, कुणाबरोबर?  चिपळ्यांची जोडी कुठं आहे ते सांगता आलं असतं, नऊवारीच्या घड्या कशा घालायच्या ते सांगता आलं असतं. कधी खेळली ते नाही सांगता आलं. मग ती मीनूला घेऊन मागच्या अंगणात गेली. दोघी धुण्याच्या दगडावर बसल्या. काय बोलल्या ते मला अजून माहीत नाही, तुलाही नव्हतं. पण आत आली तेव्हा पोरीचा चेहरा असा होता, जसं कुणी डोक्यावरनं घागर उतरवून घेतलीय.

त्या बाईनं जाताना नियम सांगितले. रघूकडून लिहून घेतलं, सीनूला बोलावून समज दिली. तो विडा तबकासह तूच तिरुवैयारूच्या बसनं परत देऊन आलीस. माझ्या शब्दाला तू खाली बघायला लावलंस, असंच मला वाटलं. मठात लोक कुजबुजायला लागले, बालसरस्वती कुठं गेली? काय सांगायचं मी त्यांना?

म्हणून मी तुझ्याशी बोलणं सोडलं. उन्हाळ्यापासून नवरात्रापर्यंत. एका घरात, एका झोपाळ्यावर, शब्द नाही. रघूमार्फत निरोप. पण पहिलं डिकॉक्शन रोज तुझ्या टंबलरसाठी काढून ठेवत होते, ते तुझ्या लक्षात आलं होतं ना? दुसऱ्या पाण्याची कॉफी तुला चालत नाही. भांडण भांडणाच्या जागी.

आणि एक दिवस तांदळाचा डबा उघडला तर आत ट्रे नव्हता. फ्रिज उघडला. जागेवर होता, पाणी भरून. तू ठेवला होतास. मी तो बंद केला.

मीनू दोन वर्षं गायली नाही. साधं गुणगुणलीसुद्धा नाही. कमळे, ती दोन वर्षं मला फार जड गेली, ते मी तुला कधी बोलले नाही. मला वाटायचं, तू कायदा आणलास आणि गळा गेला. मग एका सकाळी गच्चीवर ती कपडे वाळत घालत होती आणि वरून आवाज आला. तोच अभंग, नारळ खवतानाचा. मी हातातलं टाकून धावणार, तोच तू जिन्याशी येऊन उभी राहिलीस, ओठांवर बोट ठेवून. गच्चीचं दार हळूच लोटलंस. खाली आल्यावर म्हणालीस, कुणी वाहवा म्हणायचं नाही. कुणी म्हणजे तू, वैनी. आपण दोघी जिन्यात पायरीवर बसलो. अभंग संपला. दुसरा सुरू झाला. तिला आपण ऐकतोय ते कळलं नाही. एवढं सुंदर मी मठात कधी ऐकलं नव्हतं.

तेव्हाच म्हणायला हवं होतं. तू बरोबर होतीस. तीन शब्द. जिन्यात बसून ओठांपर्यंत आले होते. मी काय म्हणाले? म्हणाले, दुसऱ्या अभंगात एक जागा चुकली. तू हसलीस. तुला कळलं असेल म्हणून मी सोडून दिलं. आता वाटतं, कळणं निराळं, ऐकणं निराळं.

अजून माझं एक म्हणणं आहे, ते काही मी सोडत नाही. तिचा गळा फार मोठा झाला असता. तू नेहमी म्हणायचीस, होईल की, तिला वाटलं तर होईल, एकोणीस म्हणजे काय म्हातारी झाली? मी म्हणायचे, गळ्याला वेळ असते. हे भांडण तसंच राहू दे. पुढच्या वेळी त्याच्यासाठी तरी येशील.

आता तुझ्या तेराव्याचं सांगते, त्याच्यासाठीच तुला बोलावलंय.

मीनू त्रिचीच्या कॉलेजातनं आली होती. जेवणं झाली, सगळे ओटीवर बसलेले. तिचा जीव तुझ्यावर, सगळ्यांना ठाऊक. बापाचं ऐकून तीही तुला आत्याच म्हणायची. मठातले म्हातारे मामा म्हणाले, पोरी, आत्यासाठी एक अभंग म्हण. मग दुसरं कुणी म्हणालं, हो म्हण, तिच्या आत्म्याला बरं वाटेल. मग सगळेच. कुणी शेजारनं चिपळ्या आणल्या आणि तिच्या मांडीवर ठेवल्या. पोर माझ्याकडे बघायला लागली. कमळे, ती नजर मी ओळखली. तांदळाच्या डब्यापुढची नजर.

माझी जीभ जुनीच. म्हण की गं, असं ती म्हणणारच होती. आठ वर्षांपूर्वी म्हटलंच असतं, आणि तुझं नाव पुढं केलं असतं. पण झोपाळ्यावर तुझी बाजू रिकामी दिसली. मी उठले आणि सगळ्यांपुढं तिला विचारलं.

"मीनू, तुला म्हणायचंय का? नाही म्हटलंस तरी चालेल."

ती म्हणाली, नाही आजी, आज नको. मी चिपळ्या उचलून कोनाड्यात ठेवल्या आणि मामांना म्हटलं, ती नाही म्हणतेय, मामा. पानसुपारी घ्या. झालं, एवढंच. आभाळ कोसळलं नाही. मामांनी पान घेतलं. विषय पावसाकडे वळला. इतकं सोपं असतं ते? मग मला आठ वर्षांपूर्वी का जमलं नाही? सोपं ते तू करून ठेवलंस म्हणून झालं, आणि त्याचे बोल तूच खाल्लेस, मी नाही.

तू कायद्याचं म्हणायचीस ते आता मला माझ्या भाषेत कळलंय. तो पोरांना काही सांगत नाही. त्यांनी काय करावं, काय करू नये, त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तो मोठ्यांना सांगतो, की पोराच्या हो-आड लपू नका. हो म्हणायचं असो की नाही, जबाबदारी तुमची. पोरीनं बर्फ खाण्याआधी घरातल्या मोठ्या माणसानं नाही म्हणायला हवं होतं. मी मोठी होते. मी म्हटलं नाही. तू म्हटलंस.

तर मी आता काय करते सांगू? तुझं काम घेतलंय. आपल्या गल्लीच्या टोकाला ते नवं बिऱ्हाड आहे ना, त्यांची सात वर्षांची मुलगी फोनवर रोज दुकानाच्या जाहिरातीसाठी साड्या, दागिने घालून नाचते, आई व्हिडिओ काढते. परवा मी मुरुक्कुचा डबा घेऊन गेले. त्या बाईनं मला बसवलं, ताक दिलं. मी हसून प्यायले, आणि रिकामा पेला खाली ठेवून विचारलं, ही शेवटची कधी खेळली? बाईनं माझा पेला उचलला. मी उठले नाही. पुन्हा जाणार आहे गुरुवारी.

तेराव्याच्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मीनू तुझा टंबलर घासत होती आणि घासता घासता गुणगुणत होती. मी ओटीवरून उठले नाही, दार पुढं लोटलं फक्त. तू शिकवलंस तसं.

नवरात्रात ती घरी येणार आहे. गोलूच्या बाहुल्यांच्या पायऱ्या मांडायला तू नाहीस, माझ्या गुडघ्यांना वर चढवत नाही, ती मांडेल. लाकडी राजाराणीची जोडी मी घासून ठेवलीय. गाणार का, ते मी विचारलेलं नाही आणि विचारणार नाही. ट्रे जागेवर आहे, पाणी भरून. सकाळचं पहिलं डिकॉक्शन अजून तुझंच निघतं, हाताला सवय आहे, मग मलाच प्यावं लागतं आणि दिवसभर छाती धडधडते. तेव्हा म्हातारीचे हाल करू नकोस. एकदा येऊन जा. जिन्यात ती पायरी झाडून ठेवते, तिथं बसू दोघी. ते तीन शब्द मला तोंडानं म्हणायचेत, आणि तू ऐकून 'उशीर झाला, वैनी' म्हणून हसायचंस. लवकर ये.